सातवा खिळा

मंगळवारी दुपारी पोस्टमन जाडजूड पाकीट दुकानात आणून टाकायचा आणि नालबंदमामा तोंड फिरवायचे. पूर्वी असं नव्हतं. पहिली तीन-चार पाकिटं आली तेव्हा मामा सकाळपासून दारात घुटमळायचे आणि लेकीच्या मागे भुणभुण लावायचे, "मशीन थांबव गं जरा, पत्रं वाच." आता पाकीट दिसलं की त्यांना नेमकी एखादी बोथट कात्री आठवायची, आणि ते लेकीकडे पाठ करून धारेचं चाक फिरवत बसायचे.

दुकान एकच, पण त्यात संसार दोन. पुढच्या अर्ध्या भागात लेकीचं शिलाई मशीन. कुणाच्या पँटची कंबर सैल कर, कुणाच्या कोटाच्या बाह्या आखूड कर, हे तिचं काम. मागच्या अर्ध्या भागात मामांचं चाक. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांच्या सुऱ्या, बागवाल्यांची खुरपी त्यावर यायची. घोड्यांना नाल मारणं सोडून मामांना वीस वर्षं झाली होती, तरी गल्ली त्यांना नालबंदमामाच म्हणायची. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी घोडा फक्त चित्रात पाहिला होता, पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं.

चाकाच्या बरोबर वर भिंतीवर एक नाल टांगलेला होता. पांढरट, हलका, तळहाताएवढा. तो नवरदेवाचा.

नवरदेव म्हणजे घोडा. रेसच्या कागदांवर त्याचं भलंमोठं भारदस्त नाव होतं, पण ते तबेल्यात कुणाच्या तोंडी बसलं नाही. शर्यतीच्या दिवशी सगळ्यांना ताटकळत ठेवून, मान ताठ करून तो मैदानात सर्वांत शेवटी यायचा, म्हणून त्याची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराने त्याचं नाव नवरदेव ठेवलं. एकवीस शर्यती धावला, त्यातल्या एकोणीस जिंकला. बाविसाव्या शर्यतीनंतर त्याला कुरणावर मोकळं सोडायचं ठरलं होतं. तिथवर तो पोचलाच नाही. शेवटचं वळण घेऊन सरळ पट्ट्यात आल्यावर त्याचा पुढचा उजवा पाय मोडला, चार माणसांनी ताडपत्री आडवी धरली आणि डॉक्टरने तिथेच त्याला शेवटची सुई दिली. या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली.

या घोड्याची खरी कहाणी एका लेखिकाबाईंनी लिहिली. दोन वर्षं त्या मामांकडे येत होत्या. बाई मोठ्या चिवट. एकच प्रश्न सात वेळा विचारायच्या, आणि आठव्यांदा विचारताना पहिल्यांदाच विचारत असल्यासारखा चेहरा करायच्या. मामा बोलले भरपूर. घोड्याला गार पाण्याचा कसा तिटकारा होता, खूर हातात घेतला की तो मामांच्या पाठीवर हनुवटी टेकवून कशी डुलकी काढायचा, सगळं सांगितलं. पुस्तक आलं आणि हातोहात खपलं. आत मामांचा फोटोही होता. हातात तो नाल धरलेला, आणि खाली ओळ: 'ज्याने कधी रक्त काढलं नाही असा हात.'

ही ओळ बाईंच्या पदरची नव्हती. हे मामांनीच त्यांना सांगितलं होतं, तेही छाती फुगवून.

मग वाचकांची पत्रं सुरू झाली. ती प्रकाशकाकडे जायची आणि तिथून आठवड्याचा गठ्ठा मामांकडे यायचा. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुरीची धार ते अंगठ्याने ओळखायचे, पण अक्षर लागत नव्हतं, म्हणून वाचायचं काम लेकीचं. एका बाईंनी लिहिलं होतं की पुस्तक वाचता वाचता बसमधला स्टॉप गेला, आणि रडून झाल्यावर कळलं की पुढचेही चार गेले. एका निवृत्त गृहस्थांनी अकराव्या शर्यतीतल्या वजनाचा आकडा चुकला आहे हे पाच पानांत सिद्ध केलं होतं. एका शाळकरी मुलीने विचारलं होतं की घोडा हसायचा का, आणि हसायचा असेल तर कशाला. एका बाईंची तक्रार वेगळीच होती. त्यांचे यजमान स्वतःच्या आईच्या वेळी रडले नाहीत, पण एकशे चौसष्टाव्या पानावर रडले, आता या माणसाचं करायचं काय.

"करायचं काय म्हणे!" लेक पोट धरून हसली होती. मामाही हसले होते.

या सगळ्या पत्रांत दोन गोष्टी हटकून असायच्या. एक, मामांचं कौतुक. दोन, चिमण्याला शिव्या.

चिमण्या म्हणजे त्या घोड्याचा जॉकी. अंगाने एवढासा, म्हणून चिमण्या. शेवटच्या शर्यतीत तोच घोड्यावर होता. घोडा लंगडतोय हे कळत असूनही त्याने तो दामटला आणि मारला, असं चौकशीत ठरलं आणि त्याचं लायसन कायमचं गेलं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. बाईंनी त्याच्यावर फार राग काढला नव्हता, चौकशीत झालं तेवढंच लिहिलं होतं. राग वाचकांनी काढला. 'त्या नराधमाला घोड्याच्या जागी जुंपायला हवं होतं,' असं एका वकिलाने लिहिलं, आणि खाली पदवीसकट सही केली.

असं पत्र आलं की लेक म्हणायची, "बरोबर आहे यांचं." मामा चाक जरा जोरात फिरवायचे.

आता खरं काय ते सांगून टाकावं. मामा ते सत्तावीस वर्षं गिळून बसले होते, म्हणून आपणही गिळून बसावं असं काही नाही.

रोजच्या फेरफटक्याला घोड्याला लोखंडी नाल असतो. शर्यतीच्या सकाळी तो काढून अॅल्युमिनियमचा हलका नाल मारतात. एका नालाला सात खिळे, बाहेरच्या अंगाला चार आणि आतल्या अंगाला तीन. खुराची बाहेरची भिंत माणसाच्या नखासारखी निर्जीव, तिच्यातून खिळा गेला तर काही होत नाही. पण खिळा जराही आत वळला तर तो जिवंत मांसात जातो. असं झालं की नालबंदाने खिळा उपसायचा, ट्रेनरला सांगायचं आणि घोड्याने त्या दिवशी धावायचं नाही, एवढा सरळ हिशेब. यात कुणाची नोकरी जात नाही. फक्त तबेल्यात चार दिवस चर्चा होते की अमक्याने रक्त काढलं.

मामांनी कधी रक्त काढलं नव्हतं. बापाच्या हाताखाली शिकले तेव्हापासून पंचवीस वर्षांत एकदाही नाही. बरं, गप्प बसून हा विक्रम सांभाळला असता तरी चाललं असतं. पण मामा दुसऱ्या नालबंदांना "काय हो, रक्तपेढी उघडली का?" म्हणून चिडवायचे. अगदी आदल्या दिवशीसुद्धा चहाच्या टपरीवर एकाला त्यांनी असंच रडकुंडीला आणलं होतं.

त्या सकाळी डाव्या पुढच्या पायाच्या आतल्या अंगाचा मधला खिळा मारताना नवरदेवाने पाय झटकला. मामांना हातोडीच्या आवाजावरूनच कळलं. खिळा कोरड्या भिंतीत गेला की टणक वाजतो, हा मऊ वाजला. त्यांनी तो उपसला. टोक ओलं होतं. त्यांनी ते कमरेला बांधलेल्या चामड्याला पुसलं आणि आजूबाजूला पाहिलं. मोतद्दार पाणी आणायला गेला होता.

सांगायला तोंड उघडायचं होतं, एवढंच. पण टपरीवरचा तो माणूस डोळ्यांसमोर आला. शिवाय घोडा शांत उभा होता, पाय टेकवत होता. दोन-अडीच मिनिटांची शर्यत, मग कुरण आणि आराम. मामांनी खिळा न मारता ते छिद्र तसंच सोडलं. पण ट्रेनरसाहेबांना एक सवय होती. शर्यतीआधी ते प्रत्येक खूर उचलून खिळ्यांच्या डोक्यांवरून अंगठा फिरवायचे आणि मोठ्याने मोजायचे, "एक, दोन, तीन..." ते सहावर थांबले असते तर विचारलं असतं. म्हणून मामांनी पकडीने एका खिळ्याचं नुसतं डोकं तोडलं आणि मेण लावून त्या छिद्रात बसवलं. साहेबांनी अंगठा फिरवला. सात भरले.

वळणावर नवरदेवाने दुखरा डावा पाय उचलून धरला आणि सगळा भार उजव्यावर घेतला. उजवा मोडला. चौकशीत चिमण्या जीव तोडून सांगत होता, "साहेब, त्याच्या डाव्या पायात काहीतरी होतं. उजव्यात नाही, डाव्यात. एका उडीत कळलं, मी आवरायच्या आत..." चौकशीला बसलेल्या तिघा साहेबांनी मामांना विचारलं, डाव्या पायाचं काय. मामा म्हणाले, "सात खिळे. ट्रेनरसाहेबांनी मोजलेत." मोडका पाय उजवा, मग डावा कोण पाहतो?

घोड्याच्या शेवटच्या शर्यतीचे चार नाल चौघांना द्यायची तबेल्याची रीत होती. मालक, ट्रेनर, मोतद्दार आणि जॉकी. डावा पुढचा जॉकीचा. पण त्या दिवशी चिमण्याला हाकलून दिला होता, त्याला कोण देणार? मेलेल्या घोड्याचे नाल मामांनीच काढले आणि तो एक स्वतःच्या खिशात टाकला. सगळ्यांना वाटलं, केवढी माया!

तर मंगळवारी मामा तोंड का फिरवायचे, त्याचं मूळ हे. आणि फिरवायला लागले ते एका पत्रामुळे.

पत्र दूरच्या एका म्हाताऱ्या नालबंदाचं होतं. लेकीने इतर पत्रांसारखंच तेही खड्या आवाजात वाचलं. "'तुमचं पुस्तक नातीने वाचून दाखवलं. फार आवडलं. एक शंका आहे, ती आपल्या धंद्यातल्या माणसालाच येईल. अॅल्युमिनियम मऊ. एकदा घोडा धावला की खिळ्यांनी छिद्रं ओढली जाऊन लांबट होतात. तुमच्या फोटोतल्या नालाची सहा छिद्रं लांबट दिसतात. आतल्या अंगाचं मधलं मात्र गोल आहे, कारखान्यातून आलं तसं. त्यात खिळा नव्हता का? का भिंगातून मला चुकीचं दिसतंय? कळवावे.'"

मामांच्या हातातली कात्री चाकावर वेडीवाकडी घासली. ठिणग्या उडाल्या.

"कसली बारीक नजर असते एकेकाची," लेक म्हणाली. "काय कळवू यांना?"

"कळव, फोटो धूसर आहे."

तिने तसं कळवलं. पण त्या दिवसापासून मामांना प्रत्येक गिऱ्हाईक भिंतीकडेच बघतंय असं वाटायला लागलं. खाटकाने सहज मान वर केली तरी ते उठून मध्ये उभे राहायचे. नाल काढून ठेवावा तर लेक विचारणार, का काढला. ठेवावा तर तो तिथून खाली बघत राहणार. सत्तावीस वर्षं जो नाल नुसता टांगलेला होता, तो आता दुकानात कुणीतरी बसलं असल्यासारखा वाटत होता.

दोन मंगळवार कोरडे गेले. तिसऱ्याला पाकिटात वेगळंच एक पत्र निघालं. लेकीने नाव वाचलं आणि तिचा आवाज उतरला. "बाबा, हे त्या चिमण्याचं आहे."

"वाच."

"'मामांना नमस्कार. पुस्तक वाचलं. तुम्ही माझ्याबद्दल वाईट शब्द बोलला नाहीत, हे मी विसरणार नाही. मी आता एका गोदामात वजनकाट्यावर आहे. लोकांनी पुस्तक वाचलं आणि मला ओळखलं. कुणीतरी काट्याच्या पाटीवर काहीबाही लिहून जातं. मुलीचं लग्न ठरत होतं, त्या लोकांनीही पुस्तक वाचलं. ते आता भेटायला येत नाहीत. माझी एकच विनंती आहे. तो डाव्या पायाचा नाल मला एकदा हातात घेऊ द्या. मी अजून म्हणतो की डाव्यात काहीतरी होतं. तिथे काही दिसलं तर दिसलं, नाही तर मी हा विषय सोडीन. येत्या मंगळवारी सुट्टी काढून येतो.'"

लेकीने पत्र पाकिटात सरकवलं. मग म्हणाली, "येऊ दे. बघू दे एकदा आणि गप्प बसू दे."

ते सहा दिवस मामांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. रोज सकाळी ते ठरवायचे की आज लेकीला सांगायचं, आणि रोज कुणीतरी गिऱ्हाईक यायचं, निदान मामांनी स्वतःची समजूत तशी घातली. एकदा तर "ऐक गं" म्हणून सुरुवातही केली. ती मान न वळवता "काय?" म्हणाली, आणि मामांनी तिला सुईत दोरा ओवायला लागणारा चष्मा बदलून घे, असं सांगितलं.

सोमवारी दुपारी ती शिवलेले कपडे पोचवायला गेली. मामांनी दार लोटलं, स्टुलावर चढून नाल उतरवला आणि बाकड्याच्या कडेला शिकंज्यात धरला. त्यांच्याकडे कात्रीचं भोक साफ करायची एक बारीक गोल कानस होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटाला सगळं कळत होतं. शेजारची दोन छिद्रं चाचपायची, मग मधलं घासायचं, पुन्हा चाचपायचं. धातू लोण्यासारखा निघत होता. वाईट एवढंच की हात थरथरत नव्हता. आयुष्यात केलेल्या उत्तम कामांपैकी ते एक होतं. शेवटी तेलाचा काळा बोळा फिरवून चकाकी घालवली आणि नाल जागेवर टांगला.

संध्याकाळी लेक दुकान झाडताना म्हणाली, "बाबा, ही पांढरी भुकटी कसली?"

"चाकाची."

"चाकाची काळी असते ना?"

"नवीन दगड बसवलाय."

तिने भुकटी सुपलीत भरली आणि बाहेर टाकली.

मंगळवारी चिमण्या आला. पन्नाशीचा, केस विरळ, पण अंग अजून तेवढंच एवढंसं. धुतलेला शर्ट घालून आला होता. मामांच्या पाया पडायला वाकला तेव्हा मामा दोन पावलं मागे सरले आणि चाकाला अडखळले.

"मामा, थकलात हो," तो म्हणाला.

"तू बस. बस आधी."

त्याने नाल हातात घेतला तो दोन्ही हातांनी. उजेडाकडे नेला. मग ट्रेनरसाहेब फिरवायचे तसाच अंगठा फिरवायला लागला, आणि हळू आवाजात मोजायला लागला. "एक. दोन. तीन. चार." मामांना वाटलं, त्याला कळावं. खरंच वाटलं. त्याने मध्येच थांबावं, मान वर करावी आणि थोबाडीत मारावी. "पाच. सहा. सात."

त्याने पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं. मग त्याने नाल मांडीवर ठेवला.

"सातही धावलेत, मामा," तो म्हणाला. "सगळे सारखे ओढले गेलेत. डाव्यात काहीच नव्हतं."

मामांनी चाकाची कडा घट्ट धरून ठेवली.

"म्हणजे मीच. मला वाटायचं, सगळं जग खोटं बोलतंय. रोज अंथरुणाला पाठ टेकली की ते वळण यायचं, आणि मी म्हणायचो, डावा, डावा. मीच मारला त्याला." त्याने शर्टच्या बाहीने तोंड पुसलं. "बरं झालं. एकदाचं कळलं तरी."

लेकीने त्याला पाणी दिलं. नाल खरं तर त्याचा होता, रीतीने त्याचाच. मामांनी तो पुढे केला, "ने तू." चिमण्याने दोन्ही हात मागे घेतले. "नको मामा. माझा हक्क नाही त्याच्यावर." आणि तो गेला.

पुढच्या पाकिटात लेखिकाबाईंची चिठ्ठी होती. पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, मागे वाचकांची निवडक पत्रं घेतोय, आणि चिमण्याचं पत्रही घेणार आहोत. त्याने स्वतः लिहून पाठवलंय: 'मी नाल पाहिला. दोष माझाच होता.' फोटोही नवा हवा, दोन दिवसांत माणूस येईल. फोटोवाला आला, त्याने मामांच्या हातातल्या नालाचा अगदी जवळून फोटो काढला आणि तो गेला.

तेव्हा मात्र मामांचा बांध फुटला. ते बस पकडून एकटेच बाईंच्या घरी गेले. तीन वेळा घर चुकले. बाईंच्या बैठकीत पुस्तकांच्या ढिगांमध्ये बसून त्यांनी सगळं सांगितलं. मऊ वाजलेला खिळा, ओलं टोक, मेण, तोडलेलं डोकं आणि सोमवारची कानस. बाई ऐकत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. मामांना वाटलं, सुटलो.

"पुरावा काय राहिलाय, मामा?" बाईंनी हलकेच विचारलं.

"पुरावाच तर घासला ना मी!"

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "तो तुमच्याकडे येऊन रडला, ते तुम्हाला सहन झालं नाही. समजतं मला. किती मोठं मन आहे तुमचं."

"अहो बाई, मन नाही, खिळा! खिळ्याचं सांगतोय मी!"

बाई हो हो म्हणाल्या. चहा आला. निघताना त्यांनी मामांना रिक्षात बसवून दिलं.

नव्या आवृत्तीत बाईंनी दोन्ही छापलं. चिमण्याचं पत्र आणि त्याखाली मामांनी सांगितलेलं, जसंच्या तसं. फक्त वर चार ओळी स्वतःच्या लिहिल्या: 'दुसऱ्याचं ओझं आपल्या खांद्यावर घेणारी माणसं अजून आहेत.' बाई वाईट नव्हत्या. त्यांना चांगली माणसं दिसायची सवय होती, आणि सवयीपुढे कुणाचं काही चालत नाही.

लेकीने ते दुकानात मोठ्याने वाचलं. "बाबा, त्या माणसासाठी एवढं? तेही खोटं बोललात, तुम्ही?"

"अगं, खरं आहे ते."

"हो हो. माहितीय मला." तिने डोळे पुसले आणि मशीन सुरू केलं.

आता पाकिटं दुप्पट जाड यायला लागली. बसमधल्या बाई पुन्हा रडल्या होत्या. वकिलाने लिहिलं होतं की अशा अपराध्याला एवढी क्षमा करणाऱ्या माणसापुढे आपण नतमस्तक आहोत. शाळकरी मुलीने मामांचं चित्र काढून पाठवलं, डोक्यामागे उजेडाचं पिवळं वर्तुळ. चिमण्याचं दोन ओळींचं पत्र होतं: 'मामा, माझ्यासाठी खोटं बोलू नका. मुलीला मी सगळं सांगितलंय.' मामा बाकड्यावर बसून ऐकत होते. प्रत्येक पत्राबरोबर त्यांची मान आणखी खाली जात होती, आणि लेकीला तो विनय वाटत होता.

शेवटचं पत्र दूरच्या त्या नालबंदाचं निघालं.

"'क्षमा असावी. मागे मी नसती शंका काढली होती. नव्या पुस्तकातला जवळून काढलेला फोटो नातीने भिंगाखाली दाखवला. सातही छिद्रं लांबट आहेत. पहिल्या फोटोत एक गोल कसं दिसलं, देव जाणे. पहिलं पुस्तक पुन्हा काढून पाहिलं, त्यात ते अजूनही गोलच दिसतं. धातू काही भिंतीवर टांगून लांबत नाही. पण तुमच्यासारख्या माणसाबद्दल...'"

लेक थांबली.

मामांनी मान वर केली नाही. त्यांना ती मशीनवरून उठल्याचा आवाज आला, मग फडताळ उघडल्याचा. तिने दोन्ही पुस्तकं कापायच्या टेबलावर उघडून शेजारी शेजारी ठेवली. कापडातली वीण मोजायचं तिचं छोटं भिंग होतं, ते तिने आधी एका फोटोवर धरलं, मग दुसऱ्यावर. एक गिऱ्हाईक कोट घेऊन आलं. "उद्या या," ती म्हणाली, आणि ते गेल्यावर तिने दार लावून घेतलं.

"नवीन दगड बसवला होता म्हणालात त्या सोमवारी."

मामा बाकड्यावर जरा मागे सरकले.

तिने चाकापाशी येऊन दगडावरून बोट फिरवलं. जुनाच दगड, मधोमध झिजून खोलगट झालेला. बोट काळं झालं. ते काळं बोट तिने बापासमोर धरलं.

"ती पांढरी भुकटी मी माझ्या हाताने बाहेर टाकली, बाबा. मी त्याला पाणीही दिलं. तो मोजत होता तेव्हा मी इथेच उभी होते."

"मी सगळ्यांना सांगितलं गं," मामा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा चिरकला. "कुणाचा विश्वास बसत नाही."

"माझा बसला."

एवढे दिवस याच शब्दांसाठी ते तळमळत होते. आता ते कानावर पडले आणि मामांना वाटलं, ही पुन्हा आपल्याला बाबा म्हणेल की नाही.

लेकीने स्टूल ओढलं, त्यावर चढून नाल उतरवला आणि कोटाच्या अस्तराच्या तुकड्यात घट्ट गुंडाळला. त्यावर दोन्ही पुस्तकं ठेवली, फोटोच्या पानांत दोऱ्याच्या खुणा घालून. मग चिमण्याच्या पत्रावरचा पत्ता समोर ठेवून, मशीनवर बसून ती लिहायला लागली. एक पान झालं, दुसरं झालं. मधूनच ती थांबायची, भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघायची आणि पुन्हा लिहायची.

बऱ्याच वेळाने मामांनी विचारलं, "काय लिहिलंस? वाचून दाखव ना."

तिने शेवटची ओळ पुरी केली, खाली सही केली आणि कागदाची घडी घातली.

"हे पत्र तुम्हाला नाही," ती म्हणाली.